‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची घसरण नेमकी कुठे सुरू झाली?

वेताळटेकडी | ३ नोव्हेंबर २०२४, सकाळी ९:४०

गेल्या महिन्यात बातमी आली की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या व्हिडिओ गेम मालिकेतला यंदाचा गेम, ‘द लॉस्ट क्राउन’, बनवणारी युबिसॉफ्ट कंपनीची फ्रान्समधल्या माँपेलिएची टीम मोडली आणि माणसं दुसऱ्या कामांवर पाठवली. समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला होता, पण अपेक्षेइतका खपला नाही. तेव्हापासून मनात जे घोळतंय ते इथे लिहितोय. दिवाळीच्या सुट्टीत सगळे निवांत असाल, तर बोलूया.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या मालिकेत दोनच गेम खऱ्या अर्थाने थोर आहेत. एक १९८९चा पहिला आणि दुसरा २००३चा ‘सँड्स ऑफ टाइम’. ‘सँड्स’मध्ये तुम्ही दरीत पडून मेलात की प्रिन्सचा आवाज येतो, नाही, नाही, असं नव्हतं झालं. कारण तो ही सगळी हकीकत कुणाला तरी सांगतोय. कुणाला, ते शेवटी कळतं, आणि कळल्यावर पहिल्या मिनिटापासूनचं सगळं वेगळं दिसायला लागतं. मरणसुद्धा गोष्टीत इतकं चपखल बसवलेला दुसरा गेम मी पाहिलेला नाही.

मग २००४ला ‘वॉरियर विदिन’ आला. तोच मुलगा आता गुरगुरतो, शिव्या देतो, पाठीमागे मेटल संगीत आणि रक्ताची कारंजी. मालिकेचा जनक जॉर्डन मेकनर, खुद्द त्याने त्या वळणाबद्दल जाहीर नापसंती दाखवली होती. २००८च्या गेममध्ये तर मरताच येत नाही. २०१०चा ‘फॉरगॉटन सँड्स’ सिनेमाच्या मुहूर्ताला उरकलेला. आणि ‘लॉस्ट क्राउन’मध्ये नायक प्रिन्स नाहीच, सार्गोन नावाचा योद्धा आहे. प्रिन्सला पळवून नेलंय आणि सार्गोन त्याला शोधतोय. गेम वाईट नाही, पण मग हे नाव कशाला?

तुमच्या मते गाडी कुठे घसरली?

—

मधली_सुट्टी | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

‘सँड्स’साठी +१. पण ‘फॉरगॉटन सँड्स’ला एका वाक्यात उडवू नका, दादा. त्यात धबधबा गोठवता येतो. बटण दाबून धरलं की पाण्याची भिंत होते, तिच्यावर धावायचं. सोडलं की पुन्हा पाणी. पुढे पुढे एका उडीत गोठवायचं, सोडायचं, परत गोठवायचं, अशी बोटांची कसरत असते. कथा विसरलो, ती उडी अजून बोटांत आहे.

—

जुना_संगणक | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

मी या चर्चेत बहुधा वयाने सर्वांत मोठा. माझ्यासाठी पहिल्या गेमनंतर आलेलं सगळं वेगळंच काहीतरी आहे. चांगलं असेल, पण ते नव्हे.

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात चपला बाहेर काढून जावं लागे. आतल्या गारव्याचं अप्रूप वेगळंच होतं. एका यंत्रावर तीन मुलं: एक खेळणार, एक शिफ्ट दाबणार, एक ओरडणार. शिफ्टवर असलेल्याची जबाबदारी मोठी. शिफ्ट धरून बाण दाबला की प्रिन्स एकेक पाऊल जपून टाकतो, कड्याच्या टोकाशी येऊन थांबतो. उडी मारताना शिफ्ट वेळेवर दाबली तर पलीकडची कड हाताने धरतो, नाहीतर खाली. माझ्या मित्राने एकदा शिफ्ट उशिरा दाबली, मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नव्हतो.

बारा लेव्हल्स, एक तास. तो तास घड्याळातला खराखुरा तास. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून, पण वेळ परत नाही. त्यामुळे सातव्या लेव्हलला पोचूनही आपण खरं तर हरलेलो असायचो आणि ते आपल्याला ठाऊक असायचं.

पहिल्या लेव्हलनंतर बाटल्यांची एक खोली लागायची, आठवते का कुणाला? प्रत्येक बाटलीवर एक इंग्रजी अक्षर. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर असेल ती बाटली प्यायची. आमच्याकडे पुस्तिका कुठली? फ्लॉपी कुणाच्या तरी काकांच्या ऑफिसातून आलेली. चुकीची बाटली प्यायला की प्रिन्स मरायचा. ही नकली प्रती पकडण्याची युक्ती आहे हे मला कॉलेजात कळलं. तोवर मी तो गेमचाच भाग समजत होतो. आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर पान, ओळ, शब्द आणि अक्षर अशी यादी केली होती, एकेक मरण मोजून.

हो, ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करून गेम चालू केला की शिफ्ट आणि एल दाबून लेव्हल ओलांडता येई, हेही नंतर कळलं. ते वापरून जिंकलेल्याला आमच्यात मान नव्हता.

—

दहाका_मागे_आहे | ३ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

वेताळटेकडी, पूर्ण असहमत. ‘वॉरियर विदिन’वर हा आरोप वीस वर्षं ऐकतोय. आज सविस्तर उत्तर देतो.

आमच्या घरच्या पीसीत एमएक्स ४४० हे ग्राफिक्स कार्ड होतं. त्या काळात निम्म्या महाराष्ट्राकडे तेच असावं. त्यावर ‘सँड्स’ चालायचाच नाही, पिक्सेल शेडरची सोय त्या कार्डात नव्हती. दहावीचा निकाल लागल्यावर बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून एफएक्स ५२०० आणून दिलं. त्यावर मी लावलेला पहिला गेम ‘वॉरियर विदिन’. म्हणजे मी मालिकेत मधूनच शिरलो, ‘सँड्स’ची माया मनात नव्हती.

दहाका, म्हणजे त्यातला काळाचा राखणदार राक्षस, पहिल्यांदा मागे लागतो तेव्हा काय होतं आठवा. पडद्यावरचा रंग उडतो, सगळं करपल्यासारखं तपकिरी होतं. नकाशा बघायला वेळ नाही, मागे वळून बघायला वेळ नाही. भिंतीवर धावा, खांबावरून उडी, दोरी, कडा. पाण्याच्या पडद्यापलीकडे पोचलात तरच वाचलात, कारण त्याला पाणी ओलांडता येत नाही. मी त्या पाण्यापलीकडे उभा राहून खरोखर पाणी प्यायलो होतो, हात थरथरत होते.

आणि तो मागे का लागलाय? कारण ‘सँड्स’मध्ये प्रिन्सने जी चूक केली आणि काळ मागे फिरवून पुसून टाकली, ती पुसली गेलेलीच नाही. काळाची वाळू मोकळी सोडणारा मेलाच पाहिजे असं काळाचं म्हणणं आहे. काळ मागे फिरवायच्या ज्या रिवाइंडवर तुम्ही प्रेम केलंत त्याचा हिशोब पुढच्या गेममध्ये चुकवावा लागतो. हा ‘सँड्स’चा अपमान आहे की त्याला मनापासून दिलेलं उत्तर?

(पुढे कथा फुटेल, खेळायचा असेल तर परिच्छेद सोडा.) सुरुवातीपासून एक काळा प्राणी प्रिन्सच्या आसपास घोटाळत असतो. तो शत्रू वाटतो. दहाका त्याला पकडून नेतो तेव्हा बरं वाटतं. अर्ध्यानंतर प्रिन्स एक मुखवटा घालतो, आणि तो काळा प्राणी म्हणजे आपणच होतो हे कळतं. आपण मघाशी आपल्याच मरणावर खूश झालो होतो! मग त्याच खोल्यांतून, तेच प्रसंग दुसऱ्या बाजूने खेळायचे. आता मला सांगा, १९८९च्या आरशातून निघालेल्या सावलीचा खरा वारस कोण?

मेटल संगीत मलाही आज नको वाटतं. बायकांना दिलेले कपडे तर लाजिरवाणेच आहेत. पण हाडं भक्कम आहेत.

—

जुना_संगणक | ३ नोव्हेंबर, दुपारी १:१०

सावलीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर काढलात. त्यात एक भर घालतो. मेकनरने तो गेम ॲपल टू या जुन्या संगणकावर बनवला, मेमरी अगदीच तुटपुंजी. प्रिन्सच्या हालचालींच्या चित्रांनीच ती भरत आली, दुसऱ्या पात्राला जागा उरेना. तेव्हा त्याच चित्रांवर गणिती क्रिया करून त्यांचं चमचमतं उलट रूप काढलं, ती सावली. जागा नाही म्हणून जन्मलेलं पात्र पुढे गेमचा प्राण झालं.

चौथ्या लेव्हलच्या शेवटी आरसा येतो. धावत उडी मारून त्यातून जायचं. आपली शक्ती एका त्रिकोणावर येते आणि सावली उलट्या दिशेने निघून जाते. पुढे ती आपल्यासमोर बाटली पिऊन टाकते, दार बंद करून आपल्याला खाली पाडते. बाराव्या लेव्हलला समोरासमोर येते. तिला तलवार मारली की आपलंच रक्त कमी होतं. आम्ही तिथे कितीदा मेलो याची गणती नाही. शेवटी वर्गातल्या एका मुलीने खालचा बाण दाबून तलवार म्यान केली. सावलीनेही केली. मग प्रिन्स तिच्या अंगावर चालत गेला आणि दोघे एक झाले. कक्षात कुणी ओरडलं नाही. सगळे गप्प होते.

—

वेताळटेकडी | ३ नोव्हेंबर, दुपारी २:००

दहाका, मुखवट्याचा भाग मी विसरलोच होतो, कारण मी तो गेम रागाने अर्ध्यात सोडला होता. म्हणजे मी अर्ध्या गेमवर मत दिलं. हे चुकलं, पुन्हा लावतो.

—

पाऊलखुणा | ३ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

२००८च्या गेमच्या बाजूने कुणी बोलणार नसेल तर मी बोलते.

‘मरताच येत नाही’ हे वाक्य मी तेव्हाच्या प्रत्येक परीक्षणात वाचलं आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं. प्रिन्स पडला की त्याच्यासोबतची राजकन्या एलिका हात पुढे करून त्याला वर ओढते आणि शेवटच्या सपाट जागी आणून ठेवते. इतर गेममध्ये मेलात की काळा पडदा, लोडिंग आणि तीच शेवटची सपाट जागा. फरक एवढाच की इथे त्या जागी एक माणूस आहे. मी त्या वेळी नोकरीसाठी पहिल्यांदा घराबाहेर, नागपूरहून बंगळूरला एकटी राहत होते. रात्री अकराला खोलीवर येऊन तो गेम लावायचे. दर वेळी पडल्यावर कुणीतरी हात देतंय, याचं त्या दिवसांत मला काय वाटायचं ते शब्दांत नाही सांगता येत.

आणि म्हणूनच त्याचा शेवट इतका लागतो. सबंध गेमभर जिने तुम्हाला वाचवलं ती शेवटी अहरिमानला, अंधाराच्या देवाला, कोंडण्यासाठी स्वतःचा जीव देते. तिचे वडील हेच टाळायला सगळं करून बसलेले. आणि मग प्रिन्स तिला उचलून बाहेर आणतो, आणि तिला परत जिवंत करायला एकेक झाड तोडतो. तुम्हीच तोडता. गेम तुम्हाला बटण दाबायला लावतो. अंधार मोकळा सुटतो. बरोबर केलं का? मला आजही माहीत नाही. त्या चुकीला रिवाइंड नाही.

त्याचा उत्तरार्ध कन्सोलवर निघाला, पीसीवर आलाच नाही. माझ्याकडे पीसीच होता. पुढे काय झालं ते मी आजतागायत खेळलेले नाही. ही खंत आहे.

—

समुद्रकाठ | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:२०

‘लॉस्ट क्राउन’बद्दल. जून २०२३मध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा त्यातल्या रॅपवरून लोकांनी इतकं झोडपलं की अनेकांनी तिथेच ठरवून टाकलं, हा आपला नाही. जानेवारीत आला तेव्हा पीसीवर स्टीमवर नव्हताच, ऑगस्टमध्ये तिथे पोचला. तोवर गप्पा थंडावल्या. यात गेमचा काय दोष?

‘हा प्रिन्स नाही’ म्हणणाऱ्यांनी गेम जिथे घडतो त्या काफ पर्वतावर दोन तास घालवावेत. तिथे काळ बिघडलाय. एके ठिकाणी समुद्रातलं युद्ध अर्ध्यात थिजलंय. लाट उभी, जहाज तिच्यावर तिरकं, फुटलेल्या फळ्या हवेत लटकलेल्या, आणि आपण त्या फळ्यांवरून उड्या मारत जातो. मी रत्नागिरीची, खवळलेला समुद्र लहानपणापासून बघत आलेय. ती थिजलेली लाट बघून मी कंट्रोलर खाली ठेवला आणि नुसती बघत बसले.

सीमुर्गची, म्हणजे पर्शियन पुराणातल्या पक्ष्याची, एक शक्ती मिळते: आपण एका जागी आपली छाया ठेवून पुढे जायचं आणि हवं तेव्हा तिच्या जागी परत उमटायचं. इथे दिवसभर सावलीवर चर्चा चाललीय, तर ही घ्या सावली. रिवाइंडसुद्धा हाच. फरक असा की परत कुठे यायचं ते आधी ठरवावं लागतं. काट्यांनी भरलेल्या एका बोळात मी छाया ठेवायला विसरले आणि आतून बाहेर यायला पाऊण तास लागला.

दुसरं म्हणजे त्यात फारसी संवाद आहेत. पर्शियाचं नाव लावणाऱ्या मालिकेत पस्तीस वर्षांनी पर्शियाची भाषा ऐकू आली! मी सगळा गेम फारसीतच खेळले. मराठी कानाला मधूनच एखादा शब्द आपला वाटतो आणि दचकायला होतं.

आणि आठवणीचा तुकडा. रस्ता बंद दिसला की तिथला फोटो काढून नकाशावर टोचून ठेवायचा, पुढे कधी शक्ती मिळाली की परत यायचं. इतकी साधी गोष्ट, पण या जातीच्या कितीतरी गेम्सना सुचली नव्हती. अशी टीम मोडली याचं मला फार दुःख झालं.

—

कोथरूडकर_ॲनिमेटर | ३ नोव्हेंबर, रात्री ८:०५

मी ॲनिमेशनमध्ये आहे. युबिसॉफ्टमध्ये कधी नव्हतो, तेव्हा आतली माहिती मागू नका.

‘सँड्स’च्या रिमेकचा, म्हणजे तोच गेम नव्याने बनवण्याचा, विषय कुणी काढला नाही, बहुधा पुणेकरांना दुखतो म्हणून. सप्टेंबर २०२०मध्ये घोषणा झाली आणि मुख्य जबाबदारी पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे आहे हे कळलं, तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये पेढे वाटायचे बाकी होते. ट्रेलर आला आणि जगभरातून टीका झाली. चेहरे, प्रकाश, सगळ्यावर. जानेवारी २०२१ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली, आणि मे २०२२मध्ये काम माँट्रियलला गेलं. जून २०२४मध्ये सांगितलं की २०२६ला आणायचा बेत आहे.

टीका चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण त्या वेळी आपल्याच लोकांनी ‘भारतीयांना जमणार नाही’ असं जे लिहिलं ते वाचून मला रात्री झोप लागली नव्हती. काम कच्चं दिसलं तर कामाबद्दल बोला.

आता मूळ मुद्दा. तुम्ही सगळे कथा आणि पात्रांबद्दल बोलताय, मी पाय बघतो. मेकनरने १९८५मध्ये धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढऱ्या कपड्यांत एका पार्किंगच्या जागेत धावायला, उड्या मारायला लावून चित्रित केलं आणि एकेक चित्र त्यावरून उतरवलं. म्हणून पहिल्या गेममधला प्रिन्स बाण दाबला की लगेच धावत नाही. आधी झुकतो, मग पाय उचलतो. थांबायला सांगितलं की घसरत थांबतो. वळायला त्याला वेळ लागतो. शरीराला वजन आहे. म्हणून उडी मारायचा निर्णय दोन पावलं आधी घ्यावा लागतो, आणि एकदा घेतला की बदलता येत नाही. नंतरच्या गेम्समध्ये हे वजन हळूहळू कमी होत गेलं. भिंतीवर धावणं दिसायला देखणं, पण बरंचसं काम गेमच करतो. माझ्यासाठी घसरण असेल तर ती ही आहे.

—

फडावरचा | ३ नोव्हेंबर, रात्री ८:४०

अवांतर, पण राहवत नाही. ‘सँड्स’ची सुरुवात भारतात होते. प्रिन्स आणि त्याचे वडील महाराजांचा किल्ला लुटतात, काळ मागे फिरवणारा खंजीर आणि वाळू तिथलीच. गेमची नायिका फराह त्याच महाराजांची मुलगी. भारतातल्या महाराजांच्या मुलीचं नाव फराह कसं, याचं उत्तर गेममध्ये कुठेच नाही. आवडता गेम असला तरी हे सांगायलाच हवं: पर्शियाचा अभ्यास थोडा, भारताचा त्याहून थोडा. ‘लॉस्ट क्राउन’ने निदान पर्शियाचं कर्ज फेडलं.

—

दहाका_मागे_आहे | ३ नोव्हेंबर, रात्री ९:००

आणि ‘टू थ्रोन्स’? बॅबिलॉनमध्ये डोक्यात बोलणारा डार्क प्रिन्स? शेवटी त्याच्याशी लढत बसायचं नसतं, त्याला मागे सोडून पुढे चालत जायचं असतं. संगणककाका, तुमच्या वर्गातल्या त्या मुलीने म्यान केलेली तलवार २००५मध्ये पुन्हा सापडते.

—

वेताळटेकडी | ४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

काल भाऊबीजेला बहीण आली होती, भाची राहिली आहे. दहा वर्षांची आहे, ‘लॉस्ट क्राउन’ तिचाच, तिच्यामुळेच मी तो खेळलो. आज दुपारी तिच्या शेजारी बसून सगळे प्रतिसाद वाचले आणि मूळ धाग्यातली माझी मांडणी मला पटेनाशी झाली.

मी कथा आणि सूर मोजत होतो. पण तुम्ही सगळे खरं तर एकाच गोष्टीबद्दल बोललात, चूक झाल्यावर गेम तुमच्याशी कसा वागतो. पहिला म्हणतो, तास चालू आहे, चूक तुझी, वेळ तुझा. ‘सँड्स’ म्हणतो, मूठभर वाळू आहे तोवर परत घे. ‘वॉरियर विदिन’ ती परत घेतलेली चूक वसूल करायला मागे धावतो. एलिका हात देते. सार्गोनला परतीची जागा आधी ठरवावी लागते. यातला प्रत्येक गेम आधीच्याला काहीतरी उलट बोलतोय. या कसोटीवर ‘वॉरियर विदिन’ आणि २००८चा, दोन्ही माझ्या यादीत वर जातात. ‘लॉस्ट क्राउन’बद्दलचा नावाचा आक्षेप मागे घेतो. ‘फॉरगॉटन सँड्स’ मात्र अजूनही खालीच, मधली_सुट्टी, तो धबधबा कितीही सुंदर असला तरी. त्यात पुन्हा तोच रिवाइंड आहे, आणि त्याबद्दल नवीन काही म्हणायचं नाही.

ॲनिमेटर, वजनाचा मुद्दा पडताळायला संध्याकाळी डॉसबॉक्सवर (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) पहिला गेम लावून भाचीच्या हातात दिला. तिने सवयीने सरळ बाण दाबून धरला. प्रिन्स धावला आणि दुसऱ्याच खोलीत फरशीसकट खाली गेला. ती म्हणाली, “मामा, मागे कुठल्या बटणाने जायचं?”

म्हटलं, नाही तसं बटण.

ती पडद्याकडे बघत राहिली. पुन्हा पहिल्यापासून लेव्हल सुरू झाली. मी शिफ्टबद्दल सांगितलं. तिने डाव्या हाताची करंगळी शिफ्टवर ठेवली आणि एकेक पाऊल टाकत त्या फरशीपर्यंत आली, थांबली, अर्धं पाऊल मागे घेतलं.

—

जुना_संगणक | ४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

तलवार सापडली का तिला?

—

वेताळटेकडी | ४ नोव्हेंबर, रात्री १०:५८

सापडली. पण पहिल्या शिपायाने मारलं. उद्या सकाळी उठल्याबरोबर लावायचा म्हणून पीसी बंद करू दिलेला नाही.